गाडीचा वर्ग आणि नियमाची भाषा : अमेरिकेतील हौशी मोटार-शर्यतींच्या वर्गीकरणाचा इतिहास

मोटारींच्या शर्यतीचा इतिहास सामान्यतः चालकांच्या पराक्रमांचा किंवा यंत्रांतील सुधारणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नियमपुस्तकांचा इतिहास त्यांत क्वचितच येतो. वास्तविक हौशी शर्यतींपुरते बोलावयाचे तर नियमपुस्तकालाच प्रथम स्थान दिले पाहिजे. एखाद्या गृहस्थाने दोन आसनांची एक स्पोर्ट्स कार घेतली, तिच्या स्प्रिंगा बदलल्या, रुंद चाके बसविली, इंजिनात फेरफार केले आणि मग ती शर्यतीस नेली, तर त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न गाडीच्या वेगाविषयीचा नसतो. तुमची गाडी कोणत्या वर्गातली, असा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर यंत्रात सापडत नाही, छापील मजकुरात सापडते. अमेरिकेत हा मजकूर गेल्या पाऊणशे वर्षांत कसा घडत गेला आणि स्वतः बदललेली गाडी घेऊन येणाऱ्या हौशी माणसाचे त्यामुळे काय झाले, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकासही उद्बोधक ठरावे.

प्रारंभी वर्गीकरणाच्या मूळ अडचणीचा विचार करावयास हवा. सारख्याची सारख्याशी स्पर्धा व्हावी, हा वर्ग पाडण्याचा हेतू. परंतु दोन गाड्या सारख्या आहेत की नाहीत, हे शर्यत झाल्यावाचून कळत नाही. आणि वर्ग तर शर्यतीपूर्वी ठरवावा लागतो. म्हणून वेगाऐवजी वेगाचे एखादे बाह्य चिन्ह मोजावे लागते. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींत आदत, दुसा, चौसा असे गट बैलाच्या दातांवरून पाडतात. दातांचा आणि धावण्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. पण दातांवरून वय कळते, वयावरून बळाचा अदमास बांधता येतो, आणि मुख्य म्हणजे दात चारचौघांदेखत तपासता येतात. दाताने लहान असलेला बैल पायाने मोठा निघाला म्हणून त्याचा गट बदलत नाही. मोटारींच्या बाबतीत दातांची ही जागा प्रथम इंजिनाच्या घनक्षमतेने घेतली.

अमेरिकेत रस्त्यावरील हौशी शर्यतींचा पहिला संघटित प्रयत्न कॉलियर बंधूंचा. त्यांनी १९३३ मध्ये ऑटोमोबाइल रेसिंग क्लब ऑफ अमेरिका ही संस्था काढली. युद्धाच्या छायेत १९४१ मध्ये ती विसर्जित झाली. पुढे १९४४ च्या फेब्रुवारीत बॉस्टन येथे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका स्थापन झाला. आरंभी तो उत्तम गाड्या बाळगणाऱ्या मालकांचा क्लब होता. शर्यती भरविणे हा त्याचा व्यवसाय नव्हता. २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन ह्या गावी, ६.६ मैलांच्या सार्वजनिक रस्त्यावर, कॅमेरॉन आर्गेटसिंगर ह्यांच्या पुढाकाराने युद्धोत्तर काळातील पहिली मोठी शर्यत झाली. फ्रँक ग्रिझवोल्ड ह्यांच्या आल्फा रोमिओने ती जिंकली. ह्या गाडीचे इंजिन २.९ लिटरचे व सुपरचार्जर बसविलेले. आणि तिच्याच बरोबर धावणाऱ्या एमजी टीसी गाड्यांचे इंजिन सव्वा लिटरचे. एकाच मैदानात अशा गाड्या उतरल्या, की कोणाशी कोणाची स्पर्धा हे निराळे सांगावेच लागते.

क्लबने आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार घनक्षमतेच्या पायऱ्या स्वीकारल्या. ७५० घन सेंटिमीटरपर्यंतचा वर्ग एच, त्यापुढे ११०० पर्यंत जी, १५०० पर्यंत एफ, २००० पर्यंत ई, ३००० पर्यंत डी, ५००० पर्यंत सी, ८००० पर्यंत बी आणि त्याहून मोठ्या इंजिनांचा ए. ह्या मापाचा मोठा गुण असा की त्याबद्दल वाद घालता येत नाही. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव मोजली की आकडा मिळतो. एच वर्गात तर क्रॉस्ली नावाच्या स्वस्त व चिमुकल्या गाडीचे इंजिन घेऊन घरच्या घरी सांगाडे जोडणाऱ्यांची एक परंपराच निर्माण झाली. अल्प पैशात शर्यतीत उतरू इच्छिणाऱ्याला ती पायरी परवडत असे. हौशी शर्यतीच्या इतिहासातील हा कदाचित सर्वांत निर्मळ भाग म्हणावा लागेल.

परंतु घनक्षमतेच्या ह्या उभ्या शिडीला लवकरच एक आडवी रेघ छेदून गेली. एका बाजूस ‘प्रॉडक्शन’, म्हणजे कारखान्याने संख्येने बनवून विकलेल्या गाड्या. दुसऱ्या बाजूस ‘मॉडिफाइड’, म्हणजे बदललेल्या. ह्या दोन शब्दांचा परस्परसंबंध पाहण्यासारखा आहे. ‘मॉडिफाइड’ हा शब्द वरवर एखाद्या क्रियेचे वर्णन करतो, पण व्यवहारात तो शेषवाचक झाला. जे ‘प्रॉडक्शन’च्या व्याख्येत बसत नाही ते सारे त्यात जाऊ लागले. परिणामी स्वतःच्या कार्ब्युरेटरमध्ये थोडीशी ढवळाढवळ केलेला मालक आणि इटलीहून केवळ शर्यतीसाठीच बनविलेली गाडी मागविणारा धनाढ्य, हे दोघे एकाच शब्दाखाली आले. बदललेली गाडी आणि बदलाची गरजच नसलेली गाडी ह्यांना एकच नाव मिळाले. कमी साधनांच्या हौशी माणसावर झालेला हा पहिला अन्याय होय. त्याचे मूळ कोणाच्या दुष्ट हेतूत नसून व्याख्येच्या रचनेत होते.

‘हौशी’ ह्या शब्दाचेही असेच काहीसे झाले. ‘अमॅच्युअर’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द मुळात लॅटिन असून त्याचा अर्थ प्रेम करणारा असा आहे. आपला ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’ पासून आलेला. त्यात प्रेमापेक्षा उत्कट इच्छेची छटा अधिक. क्लबने मात्र ह्या शब्दाची भावनिक बाजू सोडून आर्थिक बाजू तेवढी घेतली. बक्षिसाचे पैसे न स्वीकारणारा तो हौशी, एवढीच कसोटी उरली, आणि १९६० नंतरची पहिली काही वर्षे येईपर्यंत क्लब तिला चिकटून राहिला. १९५८ पासून युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब पैशाच्या बक्षिसांच्या रस्ता-शर्यती भरवू लागला, तेव्हा ह्या भूमिकेवर ताण आला. १९६३ मध्ये क्लबने स्वतःचीच व्यावसायिक मालिका सुरू केली. तरीही हौशी शर्यती वेगळ्या राहिल्या, आणि त्यांतच वर्गीकरणाचा खरा विकास झाला. चालक पैसे घेत नसला, तरी त्याची गाडी कोणाच्या पैशावर तयार झाली हे विचारण्याची सोय त्या व्याख्येत नव्हती. १९५६ मध्ये सी प्रॉडक्शनचे राष्ट्रीय विजेतेपद शेव्हरोले कॉर्व्हेटवर मिळविणारे डिक थॉम्प्सन हे वॉशिंग्टनचे दंतवैद्य होते, म्हणजे पेशाने निःसंशय हौशी. परंतु त्यांच्या गाडीच्या यशात कारखान्यातील अभियंत्यांना असलेला रस मुळीच हौशी नव्हता.

कारखान्यांनी ह्या नियमांचे मर्म लौकर ओळखले. ‘प्रॉडक्शन’ गाडीवर काय बसविता येईल, ह्याचा एक आधार कारखान्याची अधिकृत यादी हा होता. यादीत जो भाग ग्राहकास विकत मिळू शकतो, तो त्या गाडीचा आपला भाग. १९५७ च्या कॉर्व्हेटच्या यादीत ६८४ क्रमांकाखाली शर्यतीस उपयुक्त असे जड स्प्रिंगांचे व ब्रेकांचे साहित्य छापले गेले. रोजच्या वापरासाठी ते घेणारा ग्राहक विरळाच. पण छापले गेल्यामुळे ते ‘मूळचे’ ठरले. शब्दकोशात नोंद झाल्याने एखादा बोलीतला शब्द प्रतिष्ठित व्हावा, तसा हा प्रकार आहे. हाच भाग एखाद्या हौशी मालकाने आपल्या गावच्या लोहाराकडून घडवून घेतला असता, तर तो ‘बदल’ झाला असता आणि गाडी दुसऱ्या वर्गात गेली असती. वस्तू तीच, पण एकीला नोंदीचा आधार आहे आणि दुसरीला नाही.

ह्या तर्काचे सर्वांत पूर्ण उदाहरण १९६५ मधले आहे, आणि त्याचा विचार थोड्या विस्ताराने करणे योग्य होईल. फोर्ड कंपनीने १९६४ च्या एप्रिलमध्ये मस्टँग ही गाडी बाजारात आणली. ती चार आसनांची, कुटुंबातील तरुणांसाठी काढलेली गाडी होती; स्पोर्ट्स कार म्हणून कोणी तिच्याकडे पाहिले नसते. क्लबच्या शर्यतींत तिला स्थान मिळवून देण्याचे काम कॅरोल शेल्बी ह्यांच्याकडे आले. त्यांनी पहिली चौकशी इंजिनाची केली नाही. ह्या गाडीला स्पोर्ट्स कार कसे म्हणता येईल, हे त्यांनी क्लबला विचारले. त्यावेळी क्लबचे कार्यकारी संचालक जॉन बिशप हे होते. क्लबच्या अटी स्पष्ट होत्या. गाडीला दोनच आसने हवीत. जानेवारी १९६५ पर्यंत तशा किमान १०० गाड्या तयार झालेल्या हव्यात. आणि शर्यतीसाठी विकलेल्या गाडीत फेरफार करावयाचा तर तो इंजिनात करावा किंवा स्प्रिंगा व चाकांच्या जोडणीत करावा; दोहोंत करता येणार नाही.

ह्या अटींना शेल्बींनी दिलेले उत्तर एखाद्या वैयाकरणाला शोभेल असे आहे. मागचे आसन काढून त्या जागी फळी टाकली आणि तिच्यावर जादा चाक ठेवले. गाडी दोन आसनांची झाली. दुसरी अट, म्हणजे १०० गाड्या, त्यांनी खरोखरच पूर्ण केली. तिसऱ्या अटीबाबत त्यांनी ‘बदल’ हा शब्द सापेक्ष आहे हे हेरले. बदल कशापासूनचा? विकलेल्या गाडीपासूनचा. मग रस्त्यावर विकावयाच्या प्रत्येक गाडीतच जोडणी व ब्रेक शर्यतीच्या तोडीचे बसविले, तर ती जोडणी बदल राहत नाही. ती मूळ होते. त्यामुळे फेरफाराची जी एक सवलत होती ती सबंध इंजिनासाठी शिल्लक राहिली. रस्त्यावरच्या जीटी ३५० चे इंजिन ३०६ अश्वशक्तीचे सांगितले जाई. शर्यतीच्या प्रतीत त्यावर आणखी काम होते. अशा शर्यतीच्या गाड्या तीन डझनांच्या आसपासच बनल्या. क्लबने गाडीला बी प्रॉडक्शन वर्गात घातले. ए वर्गात शेल्बींचीच कोब्रा होती. बी मध्ये कॉर्व्हेट व जॅग्वार ई-टाइप ह्यांच्याशी गाठ होती. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमधील ग्रीन व्हॅली येथे केन माइल्स ह्यांनी तिची पहिली शर्यत जिंकली. त्याच वर्षी जेरी टायटस राष्ट्रीय विजेते झाले, आणि १९६६ व १९६७ ह्या दोन्ही वर्षी बी प्रॉडक्शनचे विजेतेपद जीटी ३५० कडेच राहिले.

येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. प्रथम वर्ग, मग मजकूर, आणि सर्वांत शेवटी गाडी. सामान्य हौशी मालकाचा क्रम नेमका उलटा असतो. तो आधी गाडी बदलतो, कारण बदलण्यातच त्याची हौस असते, आणि मग वर्ग शोधतो. दोघेही एकच पुस्तक वाचतात. पण एकाने ते बांधकामापूर्वी वाचलेले असते.

दरम्यान मापही बदलत होते. दोन इंजिनांची घनक्षमता सारखी असली तरी एकात जुनी रचना व दुसऱ्यात नवी असेल, तर निव्वळ आकड्याने न्याय होत नाही, हे उघड झाले होते. म्हणून प्रॉडक्शन वर्गांची अक्षरे हळूहळू घनक्षमतेपासून सुटली आणि गाडीच्या अपेक्षित कामगिरीवर दिली जाऊ लागली. १९७० च्या सी प्रॉडक्शन वर्गात ह्याचे चित्र दिसते. २३९३ घन सेंटिमीटरची सहा सिलिंडरांची डॅटसन २४० झेड, सुमारे अडीच लिटरची ट्रायम्फ टीआर ६ आणि दोन लिटरांहून किंचित कमी, मागे-मध्ये बसविलेल्या व हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची पोर्श ९१४/६, ह्या तिघी एकाच वर्गात होत्या. जुन्या शिडीवर पोर्श निराळ्या पायरीवर गेली असती. पीटर ब्रॉक ह्यांच्या संघाच्या डॅटसनवर जॉन मॉर्टन ह्यांनी १९७० आणि १९७१ अशी दोन्ही वर्षे विजेतेपद मिळविले. पुढे टीआर ६ खालच्या अक्षरात उतरली. प्रसिद्ध नट पॉल न्यूमन ह्यांनी १९७६ मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले ते डी प्रॉडक्शनमध्ये, ह्याच गाडीवर. गाडी तीच असताना तिचे अक्षर बदलले, ह्याचा अर्थ अक्षर आता मोजमापाचे निदर्शक राहिले नव्हते. ते एका समितीच्या मताचे निदर्शक झाले होते. न्याय वाढला हे खरे. पण दात मोजून होणारा निवाडा आणि पंचांनी बैलाकडे पाहून दिलेला निवाडा ह्यांत जो फरक आहे तो येथे आला. समितीस पटविता येते, आणि नाराजही होता येते.

ह्यापुढच्या नियमलेखनावर ह्या अनुभवाचा परिणाम झालेला दिसतो. १९७० नंतरच्या दशकात ‘शोरूम स्टॉक’, म्हणजे दुकानातून आणली तशी धावविण्याची गाडी, हा प्रकार आला. पुढल्या दशकात रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांसाठी ‘इम्प्रूव्ह्ड टूरिंग’ आला. ह्या दुसऱ्या प्रकाराच्या नियमांचे सूत्र शर्यतीच्या लोकांत म्हणीसारखे झाले आहे : करता येईल असे जे लिहिलेले नाही, ते करता येणार नाही. मीमांसकांच्या परिभाषेत ही परिसंख्या होय. पाच नखे असणाऱ्या प्राण्यांपैकी अमुक पाच भक्ष्य आहेत असे म्हटले, की उरलेले सारे अभक्ष्य ठरतात; निषेध वेगळा उच्चारावा लागत नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी हाच दृष्टांत शब्दोपदेशाच्या संदर्भात घेतला आहे. साधू शब्द शिकविले की अपशब्द आपोआप कळतात. इम्प्रूव्ह्ड टूरिंगचे पुस्तक साधू फेरफारांची यादी देते. सामान्य मालकाला मात्र ही भाषा उलटी वाचण्याची सवय असते. तो निषेध शोधतो, तो सापडत नाही, आणि परवानगी आहे असे समजून तो भाग बसवितो.

हीच दृष्टी एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या ‘सोलो’ स्पर्धांत अधिक सूक्ष्म झाली. डांबरी पटांगणावर शंकू मांडून आखलेल्या मार्गावर गाडी एकेकटी धावते. अपघाताचे भय थोडे आणि खर्चही थोडा, म्हणून बदललेल्या गाड्यांचे खरे माहेर हेच. १९७३ पासून ह्यांचे राष्ट्रीय अजिंक्यपद भरू लागले. येथे ‘स्टॉक’, ‘स्ट्रीट प्रिपेअर्ड’, ‘प्रिपेअर्ड’, ‘मॉडिफाइड’ असे थर तयार झाले. प्रत्येक थरात खालच्या थरापेक्षा परवानग्या अधिक आणि प्रत्येक थरात पुन्हा अक्षरांचे पोटवर्ग. ‘स्टॉक’ म्हणजे विक्रेत्याच्या साठ्यातली, म्हणजे जशीच्या तशी. पण ह्या थरात शर्यतीचे खास टायर पूर्वीपासून चालत आले होते, आणि शब्द व वस्तू ह्यांतील अंतर वाढत गेले होते. २०१४ मध्ये ते टायर वगळून थराचे नावच ‘स्ट्रीट’ असे केले गेले. शब्दाला वस्तू जुळेना, तेव्हा दोहोंनाही एक पाऊल सरकविण्यात आले.

बदललेल्या गाडीचा मालक ह्या थरांकडे आला, की त्याला एक कठोर नियम भेटतो. गाडीचा थर तिच्यातील बहुसंख्य भागांवरून ठरत नाही. सर्वांत दूर गेलेल्या एका भागावरून ठरतो. नव्वद भाग जसेच्या तसे आहेत आणि एकच भाग वरच्या थराचा आहे, तर सबंध गाडी वरच्या थरात जाते. आणि तेथील इतर गाड्यांनी सर्वच परवानग्या वापरलेल्या असतात. स्प्रिंगा व टायर बदललेले नसताना केवळ हौसेखातर दुसऱ्या सालाचे इंजिन बसविणारा मनुष्य ह्या नियमाचा हमखास बळी ठरतो. त्यातही एक पळवाट आहे, आणि ती पूर्णतः मुद्रणाश्रित आहे. स्ट्रीट प्रिपेअर्ड व इम्प्रूव्ह्ड टूरिंगच्या याद्यांत दोन सालांच्या गाड्या जर एकाच ओळीत छापलेल्या असतील, तर एकीचे साहित्य दुसरीत बसविता येते. मात्र ते अर्धवट न बसविता सबंध एकक म्हणून बसवावे लागते. ओळी निराळ्या असतील तर नाही. एखाद्या गाडीचे बहीणभाव कोणाशी, हे कारखान्याने नव्हे तर यादीच्या ओळीने ठरवावे, हे विचित्र वाटते खरे. पण अशा मालकाने पैसे खर्चण्यापूर्वी जे एक पान उघडावे ते हेच.

आधी बदललेल्या गाडीलाही काही नाव मिळावे, असा विचार दुसऱ्या एका संघटनेने केला. नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन ही संस्था १९९१ मध्ये निघाली. तिची आद्याक्षरे ‘नासा’ अशी होतात. अवकाशसंशोधनाशी तिचा संबंध नाही. तिच्या ‘परफॉर्मन्स टूरिंग’ वर्गांत प्रत्येक गाडीला एक मूळ वर्ग आणि प्रत्येक फेरफाराला ठरावीक गुण दिलेले असत. गुणांची बेरीज मर्यादेबाहेर गेली की गाडी एक वर्ग वर चढे. येथे बदल हा दोष राहिला नाही, केवळ किंमत झाली. ‘सुपर टूरिंग’मध्ये तर फेरफारांची यादी बहुतांशी बाजूस ठेवून गाडीचे चालकासह वजन व डायनॅमोमीटरवर मोजलेली शक्ती ह्यांचे गुणोत्तर घेतले गेले. फिरून फिरून मोजता येणाऱ्या चिन्हाकडेच इतिहास परतला. १९५० च्या सुमारास सिलिंडर मोजत असत. आता चाकावरची शक्ती मोजू लागले. परंतु सिलिंडर शर्यतीच्या सकाळी बदलता येत नाही, आणि शक्ती मात्र इंजिनाच्या संगणकातील आकड्यांनी वाढविता वा घटविता येते. त्यामुळे मोजणीच्या वेळा, मोजणीचे यंत्र, शक्तीच्या आलेखाचा आकार ह्यांविषयी नवे नियम लिहावे लागले. निव्वळ एका आकड्यावर भागेल अशी आशा होती. तिच्याभोवती पुन्हा पाने वाढली.

ह्याच काळात उलट दिशेचा एक उपायही लोकप्रिय झाला. १९८९ मध्ये आलेल्या माझदा मियाटा ह्या हलक्या दोन आसनी गाडीसाठी ‘स्पेक मियाटा’ हा वर्ग निघाला आणि २००६ मध्ये क्लबच्या राष्ट्रीय वर्गांत गणला गेला. गाडी एक, स्प्रिंगा एक, टायर एक. निवडीचा प्रश्नच उरत नाही, असे मालकास प्रथम वाटते. पण पहिल्या मियाटाचे इंजिन १.६ लिटरचे, १९९४ नंतरचे १.८ लिटरचे आणि २००१ नंतरच्या इंजिनातील झडपांची रचना आणखी निराळी. म्हणून नंतरच्या गाड्यांच्या हवामार्गात भोक पाडलेली चकती घालावी लागली व त्यांना वजनही अधिक ठरवून द्यावे लागले; आणि ह्या चकतीच्या भोकाचा व्यास व वजनाचा आकडा समितीस वेळोवेळी बदलावा लागला. इम्प्रूव्ह्ड टूरिंगच्या हेतुकथनात तर, कोणतीही गाडी स्पर्धेस पुरी पडेल अशी हमी दिली जाणार नाही, असे प्रारंभीच नमूद केलेले होते. नव्याने गाडी आणणारे बहुतेक मालक परवानग्यांच्या यादीकडे थेट वळतात आणि हे हेतुकथन वाचावयाचे राहून जाते.